पाय वाचल्यानंतरचा हिशेब

हाडे, स्नायू, चरबी आणि त्यांना एकत्र बांधून ठेवणाऱ्या ऊती यांत उद्भवणाऱ्या कर्करोगाला वैद्यकात सार्कोमा म्हणतात. प्रौढांना होणाऱ्या एकूण कर्करोगांत त्याचा वाटा शंभरात एखादाच असला, तरी त्यातील ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कर्करोग प्रामुख्याने दहा ते वीस या वयोगटात, म्हणजे हाडांची वाढ सर्वांत वेगाने होत असताना होतो, आणि त्यातील निम्म्याच्या आसपास गाठी गुडघ्याच्या वरच्या किंवा खालच्या हाडात आढळतात. त्यामुळे रुग्णांची संख्या थोडी असूनही या रोगाचा प्रश्न मोठा आहे, कारण येथे उपचार यशस्वी झाला तर रुग्णापुढे पन्नास-साठ वर्षांचे आयुष्य असते आणि ते सगळे त्याला त्याच पायावर, किंवा त्या पायावाचून, काढायचे असते.

१९७० च्या दशकापर्यंत हा प्रश्न फारसा कोणी विचारत नसे. ऑस्टिओसार्कोमा झालेल्या मुलाचा पाय मांडीतून किंवा थेट खुब्यातून काढून टाकला जाई आणि तरीही पाचांतील चार जण पुढे फुफ्फुसात पसरलेल्या रोगाने दगावत. कॅनडाच्या टेरी फॉक्सचा उजवा पाय १९७७ मध्ये याच रोगापायी गुडघ्याच्या वरून कापला गेला. १९८० मध्ये कृत्रिम पायावर १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावून त्याने कर्करोग संशोधनासाठी निधी उभा केला, पण रोग फुफ्फुसात पसरल्याने त्याला थांबावे लागले आणि १९८१ मध्ये, बाविसाव्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला. त्याच सुमारास केमोथेरपी, म्हणजे रक्तावाटे शरीरभर फिरून कर्कपेशी मारणाऱ्या औषधांचे उपचार, या रोगात प्रभावी ठरू लागली होती, आणि आज रोग अन्यत्र पसरण्यापूर्वी योग्य उपचार मिळालेल्या शंभर रुग्णांपैकी साठ ते सत्तर जण दीर्घकाळ जगतात. औषधांचा हा आधार मिळाल्यावर शल्यचिकित्सकांनाही संपूर्ण पाय न काढता फक्त रोगट हाड आणि त्याभोवतीचा निरोगी ऊतींचा थर काढण्याचे धाडस करता आले. हातपाय वाचवण्याची शस्त्रक्रिया ती हीच, आणि आज मोठ्या केंद्रांत बहुसंख्य रुग्णांवर तीच केली जाते.

पाय वाचवणे हे पाय कापण्यापेक्षा चांगले, यात वाद घालण्यासारखे काही आहे असे सामान्य माणसाला वाटणार नाही, आणि डॉक्टरांनाही तसे वाटत नव्हते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत १९७५ पासून स्टीव्हन रोझेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हातापायांच्या मऊ ऊतींचा सार्कोमा झालेल्या ४३ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी केली होती. त्यातील १६ जणांचा अवयव काढला गेला आणि २७ जणांचा अवयव राखून गाठ काढल्यावर त्यांना किरणोपचार दिले गेले. १९८२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा दिसले की अवयव राखलेल्यांपैकी चौघांत त्याच जागी रोग पुन्हा उद्भवला असला, तरी एकंदर जगण्याच्या शक्यतेत दोन्ही गटांत फरक नव्हता. हा निष्कर्ष जगभर गाजला आणि अवयव राखण्याच्या पद्धतीला त्यामुळे बळ मिळाले, परंतु त्याच संस्थेतून त्याच वर्षी पीटर शुगरबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला दुसरा अभ्यास तेवढा लोकांच्या लक्षात राहिला नाही. त्यांनी रुग्णांच्या जीवनमानाची मोजणी केली होती, आणि पाय राखलेल्यांचे जीवनमान पाय गमावलेल्यांपेक्षा उंचावलेले असेल या त्यांच्या अपेक्षेला आकड्यांनी दुजोरा दिला नाही. लैंगिक आयुष्यासारख्या काही बाबतींत तर पाय राखलेलेच मागे होते.

या अनपेक्षित निष्कर्षाचे खरे महत्त्व त्यातून पुढे जे घडले त्यात आहे. जास्त मात्रेच्या किरणांनी मांडीचे स्नायू तंतुमय आणि कडक होतात, त्वचा आवळते, सांधे आखडतात आणि लसिकावाहिन्या, म्हणजे ऊतींतील पाणी परत रक्तात नेणाऱ्या सूक्ष्म नळ्या, बंद पडून पाय सुजून राहतो, हे ध्यानात आल्यावर उपचारांची आखणीच बदलली. पायाच्या लांबीभर त्वचेची एक पट्टी किरणांपासून मोकळी ठेवणे, सांध्यावर शक्य तितके कमी किरण पडू देणे आणि व्यायाम पहिल्या दिवसापासून सुरू करणे या गोष्टी नित्याच्या झाल्या. रुग्णाला विचारले गेले नसते, तर गाठ परत आली नाही एवढ्यावर समाधान मानून तेच उपचार तसेच चालू राहिले असते.

हाडांच्या कर्करोगातही पुढे असेच चित्र दिसले. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला ऑस्टिओसार्कोमा झालेल्या, वेगवेगळ्या २६ संस्थांतील २२७ रुग्णांचा अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पाय राखलेल्यांची हालचाल पाय गमावलेल्यांपेक्षा चांगली असल्याचे दिसले, पण जीवनमानाच्या मोजणीत लक्षणीय फरक आढळला नाही. पाय वाचणे आणि आयुष्य सुकर होणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि पहिलीवरून दुसरी गृहीत धरता येत नाही, हे या विषयातील सर्वांत मोठे आणि रुग्णांच्या नातेवाइकांना सर्वांत उशिरा कळणारे सत्य आहे.

ही मोजणी कशी होते हेही समजून घेण्यासारखे आहे. अमेरिकी शल्यचिकित्सक विल्यम एनेकिंग यांच्या पुढाकाराने तयार झालेली आणि १९९३ मध्ये सुधारित रूपात प्रसिद्ध झालेली गुणपद्धती जगभर वापरली जाते. तीत पायासाठी वेदना, कार्यक्षमता, भावनिक स्वीकार, आधाराची गरज, चालण्याची क्षमता आणि चालण्याची ढब अशा सहा बाबींना प्रत्येकी शून्य ते पाच गुण मिळून एकूण ३० गुण असतात, आणि हाताच्या बाबतीत शेवटच्या तीन बाबींऐवजी हात हवा तिथे नेता येणे, बोटांचे कसब आणि वजन उचलण्याची क्षमता पाहिली जाते. मात्र हे गुण डॉक्टर देतो, आणि जो सांधा त्याने स्वतः बसवला त्याला गुण देताना हात थोडा सैल सुटणे मानवी स्वभावाला धरूनच आहे. म्हणून कॅनडातील टोरोंटो येथील संशोधकांनी १९९६ मध्ये रुग्णाने स्वतः भरायची प्रश्नावली प्रसिद्ध केली, जिच्यात मोजे घालणे, जिना चढणे व उतरणे, गुडघे टेकून बसणे, कामाचे नेहमीचे तास भरणे अशा रोजच्या गोष्टी किती अवघड जातात ते विचारले जाते आणि उत्तरांवरून शंभरपैकी गुण काढले जातात. शरीराचा अवयव किती चालतो, त्या अवयवाने माणूस काय काय करू शकतो आणि ते करून तो समाजात पूर्वीसारखा वावरू शकतो का, या तीन पायऱ्या जागतिक आरोग्य संघटनेनेही २००१ च्या आपल्या वर्गीकरणात वेगवेगळ्या मांडल्या आहेत, कारण एका पायरीवर भरपूर गुण मिळवणारा माणूस पुढच्या पायरीवर अडलेला असू शकतो.

टोरोंटोच्या प्रश्नावलीत स्नानाच्या टबात उतरणे, मोटारीत चढणे, गाडी चालवणे आणि बागकाम हेही प्रश्न आहेत. ती जेथे तयार झाली तेथल्या जगण्याशी ते सुसंगतच आहेत. परंतु यवतमाळच्या शेतमजुराला किंवा चिपळूणच्या गृहिणीला टबाशी काही देणेघेणे नसते, आणि त्यांच्या दिवसाचा पहिला प्रश्न उकिडवे बसण्याच्या शौचालयाचा असतो. जमिनीवर मांडी घालून जेवणे, विळीवर भाजी चिरणे, निंदणीला वाफ्यात बसणे, बांधावरून डोक्यावर भारा घेऊन चालणे, एसटीच्या उंच पायरीवर पाय टाकणे या कसोट्यांवर एखाद्या पायाला किती गुण पडतील, हे शंभरपैकी ऐंशी मिळाले म्हटल्याने कळत नाही. बाहेरच्या प्रश्नावल्या भाषांतरित करून वापरणे सोयीचे असले, तरी भारतीय रुग्णाच्या जीवनमानाविषयी त्यातून निघणारे निष्कर्ष थोडे जपूनच घ्यावे लागतात.

गुडघ्याजवळच्या गाठीच्या शस्त्रक्रियेत नेमके काय घडते ते पाहिले, की या अडचणी कोठून येतात हे उलगडते. मांडीच्या हाडाचा खालचा पंधरा-वीस सेंटिमीटरचा भाग गुडघ्याच्या सांध्यासह आणि त्याला चिकटलेल्या स्नायूंच्या एका थरासह काढला जातो, आणि मोकळ्या जागी धातूचा लांब दांडा व बिजागरीसारखा गुडघा असलेला मोठा कृत्रिम सांधा बसवतात. संधिवातासाठी म्हाताऱ्या माणसांना जो गुडघा बसवतात त्याच्याशी याची तुलना करता येत नाही, कारण तेथे हाडाचा फक्त पृष्ठभाग बदललेला असतो आणि स्नायू व बरेचसे स्नायुबंध जागच्या जागी असतात, तर येथे गुडघा सरळ ठेवणाऱ्या मांडीच्या स्नायूंचाच काही हिस्सा गेलेला असतो. नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाला गाठ असेल तर स्थिती आणखी नाजूक होते, कारण गुडघा ताठ करणारा स्नायुबंध ज्या उंचवट्यावर रुजलेला असतो तोच कापून टाकावा लागतो. तो धातूला नुसता चिकटत नाही, म्हणून पोटरीचा एक स्नायू पुढे वळवून त्यावर शिवतात आणि तो नीट धरेपर्यंत कित्येक आठवडे पाय पट्ट्यात सरळ बांधून ठेवावा लागतो. इतके करूनही बसल्या जागी पाय पूर्ण सरळ उचलता न येणे हा दोष काहींत उरतो. नडगीच्या बाहेरच्या अंगाने जाणारी मज्जातंतूची शाखा गाठीबरोबर काढावी लागली तर पाऊल वर उचलले जात नाही, चालताना बोटे जमिनीला घासतात आणि साधी चप्पल पायातून निसटून मागे राहते. अशा रुग्णाला प्लास्टिकची पट्टी आणि मागे बंद असलेले सँडल आयुष्यभर वापरावे लागतात.

हा कृत्रिम सांधा बसवलेला माणूस सपाट रस्त्यावर बहुधा काठीशिवाय चालतो, कार्यालयात काम करतो, दुचाकीवर मागे बसतो, जिना चढतो. मात्र धावणे, उड्या मारणे, जड ओझे वाहणे त्याला वर्ज्य असते, आणि गुडघा काटकोनाच्या थोडा पुढेपर्यंतच वाकत असल्याने उकिडवे बसणे त्याच्या आवाक्याबाहेर जाते. शिवाय धातूचा सांधा झिजतो, हाडात सैल होतो, क्वचित मोडतो, आणि बारा वर्षांच्या मुलाला बसवलेला सांधा त्याच्या आयुष्यात दोन-तीनदा बदलावा लागणे हे अपयश नसून अपेक्षितच असते. त्याहून मोठे संकट जंतुसंसर्गाचे आहे. पायातील अशा सांध्यांच्या शस्त्रक्रियांनंतर प्रतिजैविके एक दिवस द्यावीत की पाच दिवस, हे ठरवण्यासाठी अनेक देशांतील ६०४ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांत वर्षभरात सुमारे सहांतील एका रुग्णाला शस्त्रक्रियेच्या जागी संसर्ग झाला होता आणि जास्त दिवस औषध दिल्याने तो कमी झाला नव्हता. संसर्ग खोल असेल तर सांधा काढून प्रतिजैविक मिसळलेला सिमेंटचा ठोकळा मध्ये ठेवणे, काही आठवड्यांनी पुन्हा नवा सांधा बसवणे आणि तेही न जमल्यास शेवटी पाय काढणे, हा क्रम ठरलेला आहे.

वाढत्या वयाच्या मुलात आणखी एक गणित येते. मांडीच्या हाडाची सुमारे ७० टक्के लांबी त्याच्या खालच्या टोकाजवळच्या वाढ-चकतीतून मिळते, आणि नेमकी तीच चकती गाठीबरोबर जाते, त्यामुळे निरोगी पाय वाढत राहतो आणि शस्त्रक्रिया झालेला पाय वर्षाला सुमारे एक सेंटिमीटर मागे पडतो. त्यावर लांबवता येणारे सांधे निघाले आहेत. त्यातील प्रगत प्रकारात पायाभोवती विद्युतचुंबकाचे कडे ठेवून आतील चक्रे फिरवतात आणि कोठेही न कापता काही मिलिमीटर लांबी वाढवतात. इंग्लंडमध्ये असे सांधे या शतकाच्या आरंभापासून वापरात असले, तरी त्यांची किंमत भारतातील बहुतेक कुटुंबांच्या कुवतीपलीकडची आहे.

किमतीचा विचार भारतात टाळता येत नाही. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात देशभरातून सार्कोमाचे रुग्ण येतात, त्यातील कित्येक दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी महिनोन्‌महिने राहून उपचार घेतात, आणि अशा रुग्णांसाठी आयात सांध्यांच्या तुलनेत पुष्कळ स्वस्त असा देशी बनावटीचा सांधा विकसित करण्यात या रुग्णालयाच्या अस्थिकर्करोग विभागाचा महत्त्वाचा वाटा आहे. त्याच विभागात वापरली जाणारी दुसरी पद्धत अधिक कुतूहलाची आहे. गाठ हाडाच्या मधल्या भागात असेल आणि सांधा शाबूत असेल, तर रोगट हाड कापून बाहेर काढतात, त्यावरची गाठ खरवडून टाकतात, हाड निर्जंतुक पिशवीत गुंडाळून किरणोपचार विभागात नेतात आणि एकाच वेळी ५० ग्रे इतकी, जिवंत शरीराला एका बैठकीत कधीच देता येणार नाही अशी, किरणांची मात्रा देऊन त्यातील प्रत्येक पेशी मारतात. रुग्ण तोवर शस्त्रक्रियेच्या टेबलावरच असतो. मग तेच हाड परत त्याच्या जागी ठेवून प्लेट आणि स्क्रूंनी पक्के करतात. हाड स्वतःचेच असल्याने मापाचा प्रश्न येत नाही आणि धातूच्या सांध्याचा खर्च वाचतो, पण ते निर्जीव हाड दोन्ही टोकांना जिवंत हाडाशी सांधून येण्यास अनेक महिने लागतात आणि तोवर पायावर पूर्ण भार देता येत नाही. ज्याचा सांधा मूळचा राहिला तो मात्र पुढे मांडी घालून बसू शकतो, आणि मराठी घरात ही गोष्ट गुणपत्रिकेवरच्या दहा गुणांपेक्षा मोठी आहे.

कापलेल्या पायाकडेही या दृष्टीने पाहिले पाहिजे. गुडघ्याखालून पाय गेला तर कृत्रिम पायावर चालताना नेहमीपेक्षा साधारण पाव हिस्सा अधिक शक्ती खर्ची पडते, तर गुडघ्यावरून गेल्यास ती दीडपटीच्याही पुढे जाते. फरक पडतो तो स्वतःचा गुडघा राहण्याने. जयपूरमध्ये १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचे जे पाऊल घडवले, ते अनवाणी चालणे, चिखलात उतरणे आणि उकिडवे बसणे या भारतीय गरजांसाठीच होते. त्यामुळे घोट्याजवळच्या कर्करोगासाठी गुडघ्याखालून पाय काढलेला आणि जयपूर फूट लावलेला शेतकरी पेरणीच्या वेळी वाफ्यात बसू शकतो, तर अनेक लाख रुपये खर्चून पाय वाचवलेला त्याचा शेजारी बसू शकत नाही, असे घडू शकते. याचा अर्थ पाय कापावा असा नाही. पण घोट्याजवळची गाठ आणि गुडघ्याजवळची गाठ यांना एकच नियम लावता येत नाही एवढे निश्चित.

या दोन टोकांमध्ये एक तिसरा मार्ग आहे, जो ऐकताना विचित्र वाटतो आणि कामाला उत्तम चालतो. गुडघ्याच्या परिसरातील सगळा रोगट भाग काढून खालचा उरलेला पाय मोठ्या मज्जातंतूसह राखतात, तो १८० अंशांनी फिरवून मांडीच्या उरलेल्या हाडाला जोडतात, म्हणजे टाच पुढे आणि बोटे मागे येतात, आणि घोट्याचा सांधा गुडघ्याच्या उंचीवर येऊन गुडघ्याचे काम करू लागतो. पाऊल कृत्रिम पायाच्या खोबणीत बसते आणि ज्याचा पाय मांडीतून गेला असता तो गुडघ्याखालून पाय गेलेल्यासारखा चालू, धावू, खेळू शकतो. जर्मनीत बोर्ग्रेव्ह यांनी १९३० मध्ये वर्णन केलेली ही पद्धत व्हिएन्नात १९७० च्या दशकात मांडीच्या हाडाच्या कर्करोगासाठी प्रथम वापरली गेली. तीत झिजणारा धातू नसतो, मज्जातंतू अखंड राहिल्याने गेलेल्या अवयवाच्या वेदना सहसा होत नाहीत, मूल वाढेल तसा पायही वाढतो, आणि असे रुग्ण कृत्रिम सांधा असलेल्यांपेक्षा खेळांत व छंदांत अधिक भाग घेतात असे युरोपातील अभ्यासांत दिसले आहे. अडचण फक्त दिसण्याची आहे, पण ती थोडी नाही. ज्या समाजात उलट्या पावलांची हडळ लहानपणापासून गोष्टींतून भेटते, तेथे आईवडिलांनी लेकराचे पाऊल उलटे जोडण्यास संमती देणे सोपे नसते. अशा वेळी डॉक्टरांच्या तासाभराच्या समजावणीपेक्षा तीच शस्त्रक्रिया झालेल्या एखाद्या मुलाला पळताना पाहणे अधिक उपयोगी पडते, आणि अशी भेट घडवून आणणे हा उपचाराचाच भाग मानला गेला पाहिजे.

हाताचे गणित पायापेक्षा वेगळे आहे. पायाचे मुख्य काम भार पेलणे असल्याने कृत्रिम पाय ते बऱ्यापैकी निभावतो, पण हाताचे काम स्पर्शावर आणि बोटांच्या कसबावर चालते, आणि स्पर्श कळणारा कृत्रिम हात अजून सामान्य माणसाच्या हाती आलेला नाही. म्हणून खांद्याजवळच्या कर्करोगात दंडाच्या हाडाचा वरचा भाग आणि खांदा उचलणारे स्नायू गेले, हात डोक्यापर्यंत उचलता येईनासा झाला, तरी कोपर आणि पंजा जिवंत राहिले तर तो हात मोलाचा ठरतो. असा माणूस जेवतो, लिहितो, मोबाइल वापरतो, दुसऱ्या हाताच्या मदतीने कपडे घालतो. केस विंचरणे, वेणी घालणे, फळीवरचा डबा काढणे, ब्लाउजच्या बाहीत हात घालणे या गोष्टी मात्र नव्याने शिकाव्या लागतात. पायाच्या बाबतीत वाचवावे की नाही हा खरा प्रश्न असतो, हाताच्या बाबतीत तो क्वचितच पडतो.

मऊ ऊतींच्या सार्कोमात हाड सहसा राहते, पण किरणोपचार कधी द्यायचे यावर पुढचे आयुष्य अवलंबून असते. कॅनडात झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शस्त्रक्रियेपूर्वी किरण दिलेल्यांपैकी ३५ टक्के रुग्णांत जखम भरण्यात गुंतागुंत झाली, नंतर दिलेल्यांत ती १७ टक्के होती. परंतु आधी दिल्यास मात्रा कमी पुरते, म्हणून दोन वर्षांनंतर स्नायू कडक होण्याचे प्रमाण आधी किरण घेतलेल्यांत कमी आढळले. म्हणजे सुरुवातीचे काही महिने त्रासाचे घेऊन पुढची वर्षे हलकी करायची, की उलट, असा हा व्यवहार आहे.

वेदनेविषयी नातेवाईक बोलायला बिचकतात. नसलेले पाऊल दुखते, त्याच्या बोटांना मुंग्या येतात, ते आवळल्यासारखे वाटते, असे पाय गमावलेला माणूस सांगतो तेव्हा त्याला भ्रम झालेला नसतो; मेंदूतील त्या अवयवाचा नकाशा आणि कापलेल्या मज्जातंतूंची टोके दोन्ही जागीच असतात. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात सुचवलेला आरशाचा उपाय, म्हणजे निरोगी अवयवाचे प्रतिबिंब गेलेल्या अवयवाच्या जागी दिसेल असा आरसा ठेवून हालचाली करणे, काहींना उपयोगी पडतो आणि त्याला खर्चही नाही. अलीकडे कापलेल्या मज्जातंतूचे टोक मोकळे न सोडता जवळच्या स्नायूच्या छोट्या शाखेला जोडून देण्याची शस्त्रक्रिया वेदना कमी करण्यासाठी केली जाते.

शस्त्रक्रियेपलीकडचा भाग केमोथेरपीचा आहे. हृदयावर, मूत्रपिंडावर, श्रवणशक्तीवर आणि प्रजननक्षमतेवर या औषधांचे परिणाम राहू शकतात, त्यामुळे वयात आलेल्या मुलाचे वीर्य उपचारापूर्वी गोठवून ठेवण्याची चौकशी करणे हे लाजण्याचे नव्हे, तर शहाणपणाचे काम आहे. आठ-दहा महिने चालणाऱ्या उपचारात शाळेचे वर्ष जाते, दहावी-बारावीची परीक्षा हुकते, वर्गमित्र पुढे जातात. मुलींच्या बाबतीत लग्नाची काळजी इतकी मोठी होते की व्रण आणि लंगडणे लपवण्यासाठी तिला घराबाहेर पाठवणेच बंद होते, आणि मग पाय वाचूनही तिचे जग दोन खोल्यांत आटते.

शस्त्रक्रिया एक दिवसाची असते, तर स्नायूंना पुन्हा कामाला लावणे हे वर्षाचे काम असते, आणि उपचारांतील सर्वांत दुबळा दुवा तोच आहे. मुंबईत किंवा पुण्यात शस्त्रक्रिया झालेला रुग्ण तालुक्याच्या गावी परतल्यावर त्याला कर्करोगाचा सांधा पाहिलेला फिजिओथेरपिस्ट मिळतोच असे नाही. भीतीने पाय हलवला जात नाही आणि तीन महिन्यांत गुडघा जो आखडतो तो नंतर सुटत नाही. रुग्णालयातून घरी जाताना व्यायामांची चित्रे किंवा चित्रफीत, ते करण्याच्या वेळा आणि अडल्यास फोन करण्यासाठी एक नंबर एवढे प्रत्येक रुग्णाच्या हाती असेल, तर महागड्या सांध्यावरचा खर्च सार्थकी लागण्याची शक्यता वाढते.

कायद्याची बाजूही अनेकांना ठाऊक नसते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचा लाभ पाय गमावलेल्यांनाच नव्हे, तर पाय राखूनही सांधा ताठ झालेल्या, स्नायू गेलेल्या किंवा पाय आखूड झालेल्या माणसालाही मिळू शकतो; तपासणीत ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व ठरल्यास सरकारी नोकऱ्यांतील ४ टक्के आणि उच्च शिक्षणातील ५ टक्के राखीव जागांसाठी तो पात्र ठरतो. बाहेरून पाय शाबूत दिसतो म्हणून कित्येक जण प्रमाणपत्रासाठी अर्जच करत नाहीत.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या अखेरच्या भेटीत नातेवाईक बहुधा एकच प्रश्न विचारतात, की पाय वाचेल ना. त्याबरोबर त्यांनी डॉक्टरांना स्वतःहून काही सांगणेही तितकेच आवश्यक आहे: रुग्ण बैठे काम करतो की अंगमेहनतीचे, घर कितव्या मजल्यावर आहे, शौचालय कोणत्या प्रकारचे आहे आणि कमोड बसवता येईल का, शाळा किंवा एसटीचा थांबा किती दूर आहे, दहा वर्षांनी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली तर खर्च कोण करणार आहे. ही माहिती कोणत्याही एमआरआयमध्ये दिसत नाही, आणि ती शस्त्रक्रिया ठरण्यापूर्वी सांगितली तरच तिचा उपयोग होतो.